क्लच इंजिनासाठी घ्यायचा की रस्त्यासाठी?

पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली एक छोटी गाडी बाहेर पडली, नाकावर विंचवाचं चिन्ह लावून. फियाटची अबार्थ पुंटो. दिसायला घरगुती हॅचबॅक. पण बॉनेटखाली १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. काटेकोर मंडळी तिला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार होत नाहीत. ज्यांनी तिला कात्रजच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पिळलं आहे, ते या वादात पडत नाहीत. पुढे फियाटने भारतातली आपली दुकानदारी आवरली, पण गाड्या रस्त्यावर राहिल्या. आज बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं क्लच बदलायचं वय झालं आहे.

हा दुसरा-तिसरा मालक कोण? बहुधा पंचविशी-तिशीतला, याच गाडीने रोज हिंजवडीला जाणारा आणि रविवारी पहाटे ताम्हिणी गाठणारा. घरात दुसरी गाडी नाही, खिशात फार पैसे नाहीत. क्लच घसरायला लागला की त्याला दोन सल्ले मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘‘साहेब, नुसती प्लेट टाकू, प्रेशर प्लेट अजून मस्त आहे.’’ मित्र म्हणतो, ‘‘आता गिअरबॉक्स उतरतोच आहे तर स्टेज टू टाकून घे, आयुष्यभराची कटकट मिटेल.’’ माझ्या मते पहिल्या सल्ल्याने पैसे वाया जातात आणि दुसऱ्याने गाडीची मजा.

पण त्याआधी क्लच खरोखर गेला आहे का, ते पाहा. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीस-पन्नासने जात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो जागा झाल्यावर इंजिनाचे फेरे झपकन वर गेले आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. गिअरच पडत नसेल, रिव्हर्सला कुरकुर येत असेल, पेडल खालीच राहत असेल, तर मात्र आधी हायड्रॉलिक्सकडे बघायचं. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असला तरी हीच लक्षणं दिसतात आणि तो खर्च पूर्ण क्लचपेक्षा पुष्कळ कमी असतो. गाडी सुटताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आलेलं असू शकतं. ते येतं क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. सील न बदलता नवी प्लेट घातली तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

आता मुख्य मुद्दा. क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट किती जोरात दाबते, लायनिंगचा घर्षणांक किती, ते लायनिंग मध्यापासून किती अंतरावर आहे आणि घासणारे पृष्ठभाग किती. या चौघांचा साधा गुणाकार. उदाहरणादाखल एक आकडेमोड करू. दाब ५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे पाचशे किलोच्या वजनाइतका, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर, प्लेटच्या दोन बाजू म्हणून पृष्ठभाग दोन. उत्तर येतं २७० न्यूटन-मीटर. इंजिन देतं २१२. म्हणजे सव्वापटीहून थोडी जास्त ताकद हाताशी आहे. पण हीच प्लेट तापून घर्षणांक ०.२२ वर आला की उत्तर १९८ होतं, इंजिनाहून कमी. सकाळी धट्टाकट्टा असलेला क्लच संध्याकाळच्या चढावर का घसरतो, ते या एका आकड्यात आलं. इथे अश्वशक्तीचा संबंध नाही, हेही लक्षात घ्या. क्लचला फक्त टॉर्क कळतो, आणि टर्बो गाडीत तो खालच्या फेऱ्यांतच भसकन येतो.

ही उष्णता येते कुठून? ड्रायव्हरसकट तेराशे किलोची गाडी सपाट रस्त्यावर, पंधराशे फेऱ्यांवर, नीट सोडली तर क्लच पूर्ण धरेपर्यंत तिचा वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास पोचतो. तेवढ्यात क्लचमध्ये ढोबळमानाने सात हजार ज्यूल उष्णता जिरते. आता तीच गाडी दहा टक्के चढावर हॅण्डब्रेक न लावता हाफ क्लचवर तोलून धरा. बाराशे फेऱ्यांवर क्लचमध्ये दर सेकंदाला तीन हजारांहून जास्त ज्यूल जिरतात. बाथरूममधला गीझर चालू करून गिअरबॉक्सच्या तोंडाशी ठेवल्यासारखं. अशा दहा सेकंदांत चार-पाच वेळा गाडी सोडण्याइतकी झीज होते, आणि गाडी तसूभरही पुढे सरकलेली नसते. रविवारच्या ताम्हिणीने क्लच मरत नाही. गिअर लागलेला आणि पाय पूर्ण सुटलेला असेल तर क्लच घासतच नाही. क्लचला मारतो तो उड्डाणपुलाच्या चढावरचा पाऊण तासाचा ट्रॅफिक. म्हणून रोजच्या गाडीचा क्लच निवडताना आधी त्या चढाचा विचार करायचा, इंजिनाचा नंतर.

कामगिरीच्या क्लचच्या जाहिराती वाचताना वरचा गुणाकार समोर ठेवावा. ताकद वाढवायचे मार्ग तेवढेच. त्रिज्या फ्लायव्हीलने बांधून टाकलेली असते. पृष्ठभाग वाढवायचे तर दोन प्लेटांचा क्लच हवा. उत्तम वस्तू, पण आपल्या बजेटात बसत नाही. उरले दाब आणि घर्षण. दाब चाळीस टक्क्यांनी वाढवला की पेडलही साधारण त्याच हिशेबाने जड होतं. सिग्नलला दहा वेळा दाबून बघा, मग कळतं. शिवाय पेडल दाबल्यावर तो जोर क्रँकशाफ्टला अक्षाच्या दिशेने ढकलतो आणि तिथल्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. म्हणजे गुडघ्याबरोबर इंजिनही किंमत मोजतं. घर्षण वाढवायचं तर सिरॅमिक. त्याच्या प्लेटवर पूर्ण गोल लायनिंगऐवजी सुटे तुकडे असतात. ते उष्णता झेलतं, टॉर्क पकडतं, पण त्याला ‘हळूहळू’ ठाऊक नाही; एकतर सुटलेलं, नाहीतर धरलेलं. ट्रॅकवर चालेल. औंधच्या चौकात बंपरला बंपर लावून सरकताना गाडी बेडकासारखी उड्या मारते आणि फ्लायव्हीलची चकती खरवडून निघते, ते वेगळंच. केव्हलार मधल्यामध्ये बसतं, टिकतं छान, पण रुळायला वेळ घेतं आणि एकदा फार तापलं की काचेसारखं गुळगुळीत होऊन बसतं. साधं ऑरगॅनिक लायनिंग, जे कंपनीतून येतं, तेच रोजच्या वापरात सगळ्यात शहाणं.

आणि ‘स्टेज वन, स्टेज टू’ हे कुठलं प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपापले आकडे घालते. एकाचा स्टेज वन दुसऱ्याच्या स्टेज टूच्या वर असू शकतो. विचारायचं ते एवढंच: किती न्यूटन-मीटर, कुठलं लायनिंग, पेडल किती जड. विक्रेत्याला याची उत्तरं येत नसतील तर दुसऱ्या दुकानात जावं.

म्हणून गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर माझा कौल साधा आहे. फियाटसारख्या युरोपी कंपन्यांना क्लच पुरवणारी घराणी ठरलेली आहेत: शेफ्लरचा लूक, झेडएफचा साक्स, फ्रान्सची व्हॅलिओ. त्यांच्या स्वतःच्या डब्यातला पूर्ण सेट घ्यावा. गाडीच्या कंपनीचा शिक्का नसल्याने किंमत कमी पडते आणि वस्तू बहुधा त्याच दर्जाची मिळते. गाडी रीमॅप केलेली असेल, टॉर्क दोनशे पन्नासच्या पुढे नेलेला असेल, तर दाब थोडा वाढवलेली प्रेशर प्लेट आणि तिच्यासोबत ऑरगॅनिक प्लेट. त्यापुढे जाऊ नये. तेही घसरत असेल तर सिरॅमिकवर उडी मारण्याआधी ट्यूनरकडे जा आणि अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंतचा टॉर्क जरा कापून घ्या. अश्वशक्ती वरच्या फेऱ्यांत असते, ती तिथेच राहते. ट्यूनरना हे सुचवलेलं आवडत नाही, पण क्लचपेक्षा इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला नकाशा बदलणं स्वस्त पडतं.

पुंटोच्या बाबतीत एक खास पेच आहे. युरोपातून भाग मागवायचा मोह होतो, कारण तिकडे अबार्थच्या गाड्या भरपूर. पण तिकडची अबार्थ ग्रांदे पुंटो सहा गिअरची आणि आपली पाच गिअरची. इंजिनाचं नाव सारखं असलं तरी गिअरबॉक्स वेगळा, आणि क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. त्या शाफ्टवरचे दाते जुळले नाहीत तर हजारोंची वस्तू पेपरवेट म्हणून वापरावी लागते. आपल्याकडच्या लिनिया टी-जेटमध्येही १.४ टर्बो होतंच, पण तो सेटही डोळे मिटून घेऊ नये. चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढायचा, जुन्या प्लेटचा व्यास मोजायचा, दाते मोजायचे, मग पैसे द्यायचे. नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरताना जुनी प्लेट पिशवीत घेऊन गेलेलं बरं. फक्त अडचण अशी की तोपर्यंत गाडी लिफ्टवर उघडी पडून असते, म्हणून गॅरेजवाल्याशी आधीच बोलून ठेवायचं.

याच बाजारात जुन्या प्लेटला नवं लायनिंग ठोकून देणारेही भेटतात. टेम्पोला ते चालून जातं. सहा हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या प्लेटचं लायनिंग सुटलं तर बेलहाऊसिंगच्या आत काय होईल, याची कल्पना केलेली पुरे. नकली डब्यांवर उपाय म्हणजे पक्कं बिल. सुटे भाग २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटीत आले आहेत. ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ या आमिषातली चरबी त्यामुळे बरीच कमी झाली आहे.

आता गॅरेजवाल्याचा ‘नुसती प्लेट’वाला सल्ला. क्लचच्या कामात खरा खर्च गिअरबॉक्स उतरवून चढवण्याचा असतो. प्लेट स्वस्त घेतली म्हणून मजुरी कमी होत नाही. ज्या प्रेशर प्लेटने एक अख्खं लायनिंग झिजवलं, तिची डायफ्रॅम स्प्रिंग अनेकदा तापून गेलेली असते. ती नव्या प्लेटवर बसवली की वर्षभरात पुन्हा गिअरबॉक्स खाली. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच. मागचं क्रँक सील, क्लच फोर्कच्या टेकूची तपासणी, हायड्रॉलिकचं नवं तेल आणि गिअर ऑइलही याच फेरीत. स्लेव्ह सिलिंडर बेलहाऊसिंगच्या आत असेल तर तोही. तो एरवी उघडायचा म्हणजे पुन्हा तेवढीच मजुरी. महागड्या क्लचवर वाचवलेले पैसे इथे लावावेत.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर ते टर्नरकडे जातं. किरकोळ असेल तर घासून सपाट होतं, तडे खोल असतील तर बदलावं लागतं. ज्या गाड्यांत दोन वजनांचं, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील असतं, त्यांचं गणित निराळं: ते सहसा घासता येत नाही आणि किंमत क्लचच्या सेटला मागे टाकते. एकजिनसी फ्लायव्हील बसवून पैसे वाचवणारे आहेत. आयडलिंगला गिअरबॉक्समधून येणारी खडखड त्यांनी मग मुकाट्याने ऐकावी. हलकं फ्लायव्हील रोजच्या गाडीत नकोच. इंजिन चटकन वर जातं आणि सिग्नलला तितक्याच चटकन बंद पडतं.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर शहरातच चालवावेत, जोरात सोडू नये, रीमॅपही नंतरच. आणि गाडी घेताना जुनी प्लेट मागून घ्या. लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखं झिजलं असेल आणि रिव्हेटपर्यंत पोचलं असेल, तर तिने आपलं आयुष्य भोगलं. काळं, चकचकीत, करपलेलं दिसलं तर तिला हाफ क्लचने जाळलं. एकाच बाजूला ओलसर डाग असेल तर त्याच संध्याकाळी गॅरेजवाल्याला विचारा, मागचं सील बदललं का, आणि जुनं सील दाखवायला सांगा.