एंजिन व ट्रान्सअ‍ॅक्सल बदल
जुन्या क्रीडा मोटारगाडीत मूळ यंत्रणेऐवजी दुसऱ्या गाडीचे एंजिन व ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअर पेटी व विभेदक यांचा एकाच आवरणातील संच) बसविणे. एंजिन जागेत मावले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. संच उलट तोंडाने बसविल्यास चाकेही उलट फिरतात व चार गतींच्या गाडीस पुढे जाण्यासाठी एकच गती उरते. ‘लोटस युरोपा’ (१९६६) या ब्रिटिश गाडीत रेनो-१६ या पुढील चाकांनी चालणाऱ्या फ्रेंच गाडीचा संच असाच फिरवून आसनांमागे घेतला, तेव्हा विभेदकाचे मोठे दंतचक्र दुसऱ्या बाजूस हलवावे लागले. एंजिन व गिअर पेटी भिन्न बनावटींची असल्यास मध्ये जोडपट्ट घालतात. त्यांचे अक्ष किंचित चुकले तरी क्लच व धारवे लवकर झिजतात. वाढीव शक्तीच्या मानाने ब्रेकही बदलावे लागतात. नेमके हेच पुष्कळदा राहून जाते.