एक इंच कुठून काढायचा

सकाळी ७
डिसेंबरातलं नागपूर. लोखंडाला हात लावला की बोटं आखडतात. ठेल्यावरून तर्री पोहे आले, तेव्हा आमची गाडी लाकडी ठोकळ्यांवर, पुढच्या चाकांशिवाय उभी होती. बाजा एसएईइंडिया ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. २००७ साली पिथमपूरला सुरू झाली. गाडी मुलांनीच बांधायची आणि शेवटी तीच खडबडीत ट्रॅकवर चार तास पळवायची. काल हिंगण्याकडच्या मुरमात वळणावर आमचं आतलं पुढचं चाक उचललं. चालवणारा हसत होता, आम्ही नव्हतो.

सकाळी ८
फळ्यावर हिशोब. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १,३०० मिमी, गुरुत्वमध्य साधारण ५०० मिमी उंचीवर. अर्धं अंतर भागिले उंची : १.३. हा आकडा जितका मोठा, तितकं वळणावर चाक उचलणं कठीण. पुढून दोन इंच वाढवले तर १.३५. नियमाने टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ६४ इंच चालतात आणि टायरची रुंदीच ७ इंच. तरी बरीच जागा उरत होती. ती सगळी मात्र घ्यायची नव्हती. शंकूंमधून गाडी काढताना रुंदी आडवी येते.

म्हणजे प्रत्येक बाजूला एक इंच. तो कुठून काढायचा, यावर दिवस गेला.

सकाळी १०
टेबलावर दोन रिम. दोन्ही पाच इंच रुंद. एक ४+१ : हबला टेकणाऱ्या पत्र्यापासून आत चार इंच, बाहेर एक. दुसरी ३+२. ही लावली की चाक आपोआप एक इंच बाहेर जातं. चार नट, दहा मिनिटं.

वर्कशॉपचे काका चहा घेत म्हणाले, "एवढा हिशोब काऊन करून राहिले बे? रिम बदला अन् मोकळे व्हा."

"काका, एकदा चालवून तर पाहू."

दुपारी १२
३+२ लावल्या. पुढच्या डाव्या चाकासमोर एक वीट ठेवली आणि गाडी हळू ढकलली. स्टिअरिंग हातातून निसटलं. मग काकांना बसवलं. दुसऱ्या वेळी त्यांचाही अंगठा दुखला.

कारण साधं आहे. चाक ज्यांच्यावर वळतं, त्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून ओढलेली रेषा जमिनीला जिथे भिडते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर आमच्या गाडीत ३० मिमी होतं. रिमने ते ५५ केलं. दगड तोच, झटक्याचा लिव्हर जवळपास दुप्पट. हबच्या बेअरिंगवरही जास्त ताण. वीट एकच होती. ट्रॅकवर चार तास दगडच दगड.

४+१ परत चढवल्या. जेवण उभ्याउभ्याच.

दुपारी ३
मग चाक गाडीला जोडणारा ए-आर्मच लांब करायचा : १५ इंचाचा १६. बॉल जॉइंट आणि टायर दोन्ही बरोबरच बाहेर जातात, ते ३० मिमी जसंच्या तसं राहतं. पण फुकट काहीच नाही. शॉक आर्मवर बिजागरीपासून १० इंचांवर बसतो. आर्म वाढला की दहा भागिले पंधराचं दहा भागिले सोळा होतं आणि चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा या भागाकाराच्या वर्गाने बदलतो. म्हणजे तीच स्प्रिंग सुमारे १२ टक्के मऊ. शॉकचं ब्रॅकेट १७ मिमी बाहेर सरकवलं की प्रमाण जुनंच. शॉकचा तिरकसपणा यात धरलेला नाही, तेव्हा आकडे ढोबळच. पण मला रिमपेक्षा हा खर्च परवडतो. आर्म चुकला तर पुन्हा कापता येतो, मनगटं कशी बदलणार?

संध्याकाळी ६
पाइप कापले, टोकं घासली, जिगमध्ये आवळून टाके मारले. काकांनी वेल्डिंग स्वतःच्या हातात घेतलं. सकाळच्या सल्ल्याबद्दल दोघेही काही बोललो नाही.

रात्री १०
नवे आर्म चढले, चाकं चढली. स्टिअरिंग सरळ धरलं, तर पुढची दोन्ही चाकं वाकडी. स्टिअरिंग चाकाशी जोडणारा टाय रॉडही एक इंचाने वाढवायला हवा होता. न वाढवता नुसतं ओढूनताणून जमवलं, तर चाक वरखाली होताना गाडी आपसूक वळेल.

काकांनी टेप माझ्याकडे फेकला. "आता तो कोण कापन?"