नजरेखाली अडखळणारा अणू

क्वांटम झेनो परिणाम

• अर्थ : पुंज (क्वांटम) अवस्था पुन्हा पुन्हा तपासली की तिच्यातला बदल मंदावतो. इथे ‘पाहणे’ म्हणजे डोळ्यांनी पाहणे नव्हे. अणूवर पडून विखुरलेला प्रकाशच मोजमाप करतो. खोलीत माणूस असो वा नसो.

• नाव : उडता बाण प्रत्येक क्षणी स्थिर असतो, असे कोडे घालणाऱ्या ग्रीक झेनोवरून. बैद्यनाथ मिश्र व ई. सी. जी. सुदर्शन यांचा शोधनिबंध, १९७७. सुदर्शन १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

• प्रयोग : बोल्डर (अमेरिका), १९९०. वेन इटानो, डेव्हिड वाइनलँड आणि सहकारी. सुमारे ५,००० बेरिलियम आयन विद्युत-चुंबकीय सापळ्यात अडकवले. २५६ मिलिसेकंद रेडिओलहरी दिल्या की सगळे वरच्या ऊर्जा-पातळीत जातात. मधेमधे ३१३ नॅनोमीटरच्या अतिनील लेझरचे झटके दिले : खालच्या पातळीतला आयन चमकतो, वरचा काळोखाच राहतो. असा प्रत्येक झटका म्हणजे एक तपासणी. सिद्धांतानुसार ४ तपासण्यांत ३७.५ टक्के आयन वर पोहोचतात, ६४ तपासण्यांत जेमतेम ४ टक्के.

• फरक : हा लहरींनी घडवलेला बदल होता, आपोआप होणारा ऱ्हास नव्हे. तसा ऱ्हास मंदावल्याचे टेक्सासमध्ये मार्क रेझन यांच्या गटाने २००१ मध्ये थंड सोडियम अणूंवर दाखवले. तपासण्यांमधले अंतर बदलल्यावर तोच ऱ्हास वेगावलाही; हा ‘प्रति-झेनो परिणाम’.

• मर्यादा : तपासणी ऱ्हासाच्या अगदी सुरुवातीच्या, अतिसूक्ष्म काळात व्हावी लागते. युरेनियमचा किरणोत्सर्ग या मार्गाने थांबवता आलेला नाही.