बुरशीलाही दिवसरात्र कळते

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकते, कोवळ्या फुटींवर पाने उलगडू लागतात आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. त्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडून मला फोन येऊ लागतात. वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे प्रश्न ओळखीचा असतो : "मॅडम, काल सांजेला पानावर नुसता पिवळट, तेलकट डाग होता. सकाळी पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. एका रात्रीत आली कुठून?"

उत्तर त्या 'रात्रीत'च आहे. डाऊनीचा, म्हणजे केवड्याचा, रोगकारक दिवसभर पानाच्या आत वाढत असतो. बाहेर येऊन बीजाणू धरायला मात्र त्याला अंधार लागतो. हवा जवळजवळ पूर्ण दमट हवी, थंडी फार नको आणि सलग चारएक तास काळोख हवा. हे जुळले की पानाच्या पर्णरंध्रांतून फांद्या फुटलेले बारीक देठ बाहेर पडतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या पिशव्या लागतात. उजेड असेल तर हे काम अडते.

कोणीही घरी करून पाहावे. तेलकट डागाची दोन पाने तोडा. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत ओला टिपकागद घालून त्यांत एकेक पान ठेवा. एक पिशवी कपाटात ठेवा, दुसरी रात्रभर ट्यूबलाइटखाली. सकाळी कपाटातले पान उलटले की डागाच्या बरोबर खाली कापसाळ पांढरा थर दिसतो, बोट फिरवले तर पुसला जाणारा. उजेडातल्या पानावर तो दिसलाच तर विरळ आणि खुरटलेला. ओल दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो दिव्याने.

डाऊनीचा हा जीव काटेकोरपणे पाहिले तर बुरशी नव्हे, तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यातला आहे. पण खऱ्या बुरशींनाही प्रकाश कळतो. न्यूरोस्पोरा नावाच्या नारिंगी पावबुरशीत 'व्हाइट कॉलर-१' हे प्रथिन निळा प्रकाश टिपते. 'ब-२' जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू त्यात बसलेला असतो. त्यावर निळा किरण पडला की प्रथिनाची ठेवण बदलते, पेशीतली ठरावीक जनुके चालू होतात आणि रंगद्रव्ये व बीजाणू तयार होऊ लागतात. द्राक्षाच्या घडकुजीला कारण होणाऱ्या बोट्रायटिसमध्येही अशी प्रकाशग्राही प्रथिने आहेत. उजेड मिळाला तर ही बुरशी हवेतून पसरणारे बीजाणू धरते. सतत अंधारात ठेवली तर कठीण, काळ्या गाठी करून तग धरते. चिलीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की बोट्रायटिसला स्वतःचे जैविक घड्याळ आहे. पानावर तिची लागण पहाटे केली तर डाग लहान पडतो, संध्याकाळी केली तर मोठा.

द्राक्षावर पडणाऱ्या भुरीची तऱ्हा निराळी. ती खरी बुरशी, पण पानाच्या आत शिरत नाही. वरच्या त्वचेच्या पेशींत शोषक मुळे रोवून बाकीचे सगळे शरीर बाहेरच पसरते. अंगात संरक्षक रंगद्रव्य नाही, त्यामुळे उन्हातले अतिनील किरण तिला थेट लागतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी द्राक्षवेलीवर हे स्पष्ट केले : सावलीतल्या घडांवर भुरी अधिक, उन्हातल्यांवर कमी. किरणांनी बुरशीला इजा होते आणि उन्हाने तापलेली पानेही तिला मानवत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दाट विस्ताराच्या पोटात, घडाच्या देठाशी भुरी आधी सापडते ती यामुळेच.

मग अतिनील दिवे लावून भुरी मारता येईल का? येते, पण दिवसा नव्हे. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना आढळले, की अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले तर पुन्हा जगतात. पेशीतले फोटोलायेज हे विकर निळ्या उजेडाच्या ऊर्जेवर डीएनएला झालेली इजा दुरुस्त करते. म्हणून किरणांचा मारा रात्री करायचा आणि पुढचे काही तास अंधार राहू द्यायचा. दुरुस्तीला उजेडच मिळत नाही, आणि झाडाला न दुखावणाऱ्या थोड्या मात्रेत भुरी संपते. नॉर्वेत तयार झालेला 'थोरवाल्ड' हा यंत्रमानव स्ट्रॉबेरीच्या ओळींतून रात्री असेच दिवे फिरवतो.

आपल्या बागेत उद्या सकाळी यंत्रमानव येणार नाही, पण कात्री आहे. फेलफुटी वेळेवर काढणे, बगलफुटी खुडणे, काड्यांची दाटी मोडणे ही कामे मजूर मिळत नाहीत म्हणून पुढे ढकलली जातात आणि त्यांची भरपाई औषधाने करायला आपण निघतो. दाट विस्तारात ना ऊन पोहोचते ना फवारा. विरळणी हे रोगनियंत्रणच आहे, हे मला अगदी ठासून सांगायचे आहे. उघडे करण्यालाही मर्यादा आहे, हेही खरे. मार्चच्या उन्हात मणी भाजतात, आणि हिरवे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आपणच घडांना कागद बांधतो. सकाळचे कोवळे ऊन घडापर्यंत पोहोचावे आणि दुपारच्या उन्हाला डोक्यावर पान असावे, इतका तोल साधायचा.

प्लास्टिक आच्छादनाचा विचारही याच नजरेने करावा. त्याने पाऊस अडतो, पाने कोरडी राहतात, डाऊनी हटतो. पण तो कागद अतिनील किरणही अडवणारा असेल, तर भुरीला आयती सावली मिळते. आच्छादन घातले म्हणून भुरीवरची नजर हटवून चालणार नाही.

पावसाचा हिशेबही मिलिमीटरवर थांबवू नका. दुपारी पडून दिवस मावळेपर्यंत वाळलेला पाऊस आणि तिन्हीसांजेला येऊन रात्रभर पान ओले ठेवणारा पाऊस, डाऊनीच्या नव्या बीजाणूंसाठी सारखे नाहीत. बागेत तेलकट डाग असतील आणि रात्र ओली जाणार असेल, तर संरक्षक फवारा अंधार पडण्याआधी पानावर वाळलेला हवा. फवारणीच्या वहीत पाऊस, तापमान आणि औषधाचे रकाने असतातच. त्यांत एक रकाना वाढवा : रात्री पान किती तास ओले राहिले. पुढच्या हंगामात फवारा केव्हा हवा आणि केव्हा वाचवता येईल, हे ठरवायला तो रकाना उपयोगी पडेल.