फुंकर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आज लसीकरणाचा वार आहे. बाकावर जागा नाही, दाराबाहेर चपलांचा ढीग. आत एकानं भोकाड पसरलं की बाहेरची निम्मी पोरं सूर धरतात. रडण्याची लागण गोवरापेक्षा वेगानं होते.

लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी आजीचा पदर धरून आत येते. पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर. टेबलावरची निळी पेटी बघताच तिचे पाय जमिनीला चिकटतात.

“काय न्हाय गं बाय, मुंगी चावल्यावानी,” आजी समजूत काढते.

“आजी, मुंगी नका सांगू,” सिस्टर हसून म्हणतात. “उद्या ही मुंगीला भिईल आणि मला खोटारडी म्हणेल.” मग मुलीकडे वळून, “थोडं दुखणार आहे, चिमटा काढल्याएवढं. पण आधी मला एक काम करून दे.”

खणातून साबणाच्या फुग्यांची बाटली निघते. मुलगी आजीच्या मांडीवर बसते, आजीचा हात तिच्या पोटाभोवती. पहिली फुंकर फुकट जाते. दुसऱ्या फुंकरीला फुगा फुटतो.

“हळू. लांब फुंक. पंख्यापर्यंत गेला पाहिजे.”

बोलता बोलता सिस्टरचे हात आपलं काम करताहेत. तळाशी बसलेली लस मिसळावी म्हणून कुपी हलवतात, अर्धा मिली ओढून घेतात, दंडावर ओला कापूस फिरवतात. कडीवर फुगा फुगत चाललाय; खिडकीच्या उजेडात त्यावर जांभळे-हिरवे पट्टे सरकताहेत. मुलीचे गाल फुगलेले, डोळे तिरळे झालेले, दंड सैल. सुई आत जाते. कपाळावर आठी पडते, “आई गं” निघतं, आणि लगेच, “फुटला का?”

सुई केव्हाच बाहेर आलेली असते.

मोबाईलवरचं कार्टूनही चालतं, पण ते पोर नुसतं बघतं. मध्येच जाहिरात आली की नजर पुन्हा सुईवर. फुग्याला तोंड, डोळे, हात सगळंच कामाला लागतं. शिवाय लांब श्वास सोडताना दंड ताठ राहत नाही, आणि ताठलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. कळ दंडातून निघत असली तरी ती किती जाणवायची, हे मेंदूचं लक्ष कुठे आहे त्यावरही ठरतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली वेदनेच्या वाटेवर एक ‘दार’ असतं, ते कमी-जास्त उघडतं, अशी कल्पना मांडली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये लस देतानाच्या वेदनेबद्दल सूचना काढल्या, त्यांतही सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवा असं आहे. ‘तो बघ काऊ’ म्हणत घास भरवणाऱ्या घरांना यात फारसं नवल वाटू नये.

पुढचं बाळ साडेतीन महिन्यांचं. त्याला आईनं आधीच अंगावर घेतलंय. मांडीत सुई, एक किंकाळी, पुन्हा दूध.

मग टीडीच्या लसीसाठी दहा वर्षांचा मुलगा. बाटली पुढे केल्यावर तो दुखावतो. “मी काय बारका हाय का?” त्याला सुई बघायची आहे. सिस्टर बाटली बाजूला ठेवतात आणि बघू देतात. हे मला फार आवडतं. ज्याला बघायचंय त्याचं तोंड जबरदस्तीनं भिंतीकडे फिरवलं, तर तो दुप्पट घाबरतो.

तेवढ्यात बाकावरचे एक वडील पोराला दटावतात, “गप बस, नाहीतर मोठी सुई टोचायला सांगीन.” सिस्टर मान वर करून नुसतं बघतात. त्या पोराच्या वेळी सगळी बाटली संपली तरी पुरणार नाही, हे त्यांना कळून चुकलंय.

दवाखान्याला येणाऱ्या सामानात सिरिंज असतात, कापूस असतो, सुई कापायचं यंत्र असतं. फुग्यांची बाटली सिस्टर बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणतात. पोराला लसीला नेणार असाल, तर जाताना एक बाटली घेऊन जा आणि तिथेच ठेवून या.