बाटलीत भरण्याआधीच ठरतो बोर्डोच्या वाईनचा भाव

फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पुढच्या एप्रिलच्या सुमारास व्यापारी आणि समीक्षक तिथे वाईन चाखायला जमतात. वाईन तेव्हा लाकडी पिंपातच असते. पण नामांकित मळ्यांचे भाव या चाखणीनंतरच निघतात, पैसेही आगाऊ मिळतात.

चाखणारे पीत नाहीत बरं का! घोट तोंडात घोळवून थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत कोण शुद्धीत राहील? आधी रंग, मग वास. तोंडात घेतल्यावर आंबटपणा, दारूचा चटका आणि मुख्य म्हणजे तुरटपणा बघतात. तो सालीतून आणि बियांतून उतरतो. द्राक्ष कच्चं असेल तर जीभ ओरबाडल्यासारखी होते, नीट पिकलेलं असेल तर मऊ लागतं. थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते, तेही मोजतात. वाईन किती वर्षं टिकेल याचा अंदाज त्यावरूनच बांधतात.

यात हवामानाचा हात मोठा. 2021 च्या एप्रिलात गोठवणाऱ्या थंडीनं कोवळे कोंब जळाले, पुढे उन्हाळाही थंडच गेला. वाईन हलकी झाली. 2022 कडक उन्हाचं, कोरडं वर्ष. मणी बारीक, साल जाड, म्हणून रंग आणि चव दाट उतरली. आपल्याकडे खायच्या द्राक्षात मणी बारीक राहिला की व्यापारी पाठ फिरवतो, तिथं त्यालाच किंमत! 2024 मध्ये पावसानं डावणी पसरली आणि बऱ्याच नामांकित मळ्यांना भाव उतरवावे लागले.

साध्या वाईनवाल्या शेतकऱ्याकडे मात्र हे समीक्षक फिरकतही नाहीत. खप घटल्यामुळे त्यातले अनेकजण सरकारी मदत घेऊन वेली उपटत आहेत.