फिरत्या घराची पावसाळी निगा

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या शेतकऱ्यांकडून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एक नवीन प्रश्न विचारला जाऊ शकतो. निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटारगाडी, म्हणजे कॅरव्हॅन, ठेवणे परवडेल काय, हा तो प्रश्न होय. अशी गाडी घेताना चौकशी होते ती एंजिनाची आणि ते किती डिझेल खाते याची. वास्तविक भाड्याने द्यावयाची कॅरव्हॅन वर्षातील पुष्कळसे दिवस एका जागी उभी असते, आणि तिची नासाडी बहुधा उभ्याउभ्याच होते.

जुनी व्हॅन घेऊन गावच्या सुताराकडून तीत खाटा व कपाटे बसवून घेण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. काम काढण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावयास हवी. शिडी लावून टप तपासावा. हवेच्या झरोक्याभोवती, सौर पत्र्याच्या पायांशी आणि दिव्यांच्या वायरी आत शिरतात तेथे लावलेले सीलंट उन्हाने तडकते. ती भेग केसाएवढी असली तरी पाणी आत झिरपते व अस्तरामागील लाकूड कुजू लागते. पाणी डोळ्यांना दिसू लागते तोपर्यंत कुजणे बरेच पुढे गेलेले असते. जुने सीलंट खरवडून, जागा कोरडी करून मगच नवे लावावे. जुन्यावर नवा थर चढविणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. गाडी उभी करताना एका बाजूस किंचित उतार ठेवावा, म्हणजे टपावर पाणी साचत नाही. गाडी सबंध ताडपत्रीत गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. कोकणात तर हा दोष चार दिवसांतही दिसून येतो. कोरड्या दिवशी सर्व दारे-खिडक्या उघडून गाद्या उभ्या कराव्यात.

हातब्रेक ओढून गाडी महिनोन्महिने उभी ठेवल्यास ब्रेक गंजून जागच्या जागी चिकटतात. त्याऐवजी सपाट जागी चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत व हातब्रेक सैल सोडावा. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा पूर्ण भरावी आणि ती टायर थंड असताना मोजावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात, म्हणजे २३१९ असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाही, पण रबर मात्र म्हातारे होतच असते. सहा-सात वर्षांनंतर नक्षी शाबूत दिसली तरी अशा टायरवर भरवसा ठेवून घाट उतरू नये. एंजिन दर आठवड्यास पाच मिनिटे नुसते चालू करण्याची सवय काहींना असते. तिचा उपयोग थोडा व अपाय अधिक. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणावी.

गोठा किंवा धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी केल्यास उंदीर तीत बिऱ्हाड करणारच. ते वायरी कुरतडतात. वायरी व नळ आत शिरतात ती भोके लोखंडी लोकरीने बुजवावीत.

घरासाठीची बॅटरी एंजिनाच्या बॅटरीहून वेगळी असते. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित असता, विश्रांतीनंतर, १२.७ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिती झाली. निम्म्याच्या खाली ती वरचेवर गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेव्हा १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत वापरण्याजोगे केवळ ५० समजावेत. दोन अँपिअरचा एक पंखा दहा तास चालला तर २० गेले. सरासरी दोन अँपिअर घेणारा लहान फ्रिज दिवसरात्र चालविल्यास एकट्यालाच ४८ लागतात. १२०० वॉटचे वातानुकूलन यंत्र तर अशा बॅटरीवर अर्धा तासही धड चालणार नाही. हा हिशेब पाहुण्यास आरंभीच सांगावा. पावसाळ्यात गाडी उभी असता बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी व दरमहा ती पूर्ण भारित करावी.

पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की गाडीवर २०० किलो वजन चढते. घाट चढावयाचा असल्यास टाकी वर पोहोचल्यावर भरावी. हंगामाच्या आरंभी २०० लिटर पाण्यास सुमारे ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. सर्व नळांतून क्लोरिनचा वास येईतो पाणी सोडावे, चार तास तसेच ठेवावे व नंतर टाकी दोनदा धुऊन काढावी. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात जिरवावे. शौचपेटी मात्र विहिरीपासून निदान ५० फूट दूर असलेल्या सेप्टिक टाकीतच रिती करावी, ओढ्यात किंवा बांधावर कदापि नाही. शौचपेटीत फॉर्मॅल्डिहाइडयुक्त औषध वापरीत असल्यास तो मैला गोबरगॅसच्या संयंत्रात घालू नये. त्याने वायू निर्माण करणारे जंतूच मरतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो व गळल्यास जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे. भाड्याच्या गाडीत घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे. जोडांची तपासणी साबणाच्या फेसाने करावी.

याहून मोठा धोका वास नसलेल्या वायूचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन इसम मृत आढळले. गाडीतील जनित्राचा कार्बन मोनॉक्साइड वायू तळाच्या भोकातून आत शिरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत दिसून आले. हा वायू दिसत नाही, वास देत नाही, आणि निजलेला मनुष्य जागाही होत नाही. तेव्हा तळातील प्रत्येक भोक, मग ते वायरीसाठी पाडलेले का असेना, पक्के बुजवावे. सुटे जनित्र गाडीपासून निदान २० फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास व धुराचे तोंड पलीकडे करून ठेवावे. पाहुणे निजल्यावर जनित्र, मग ते गाडीत बसविलेले असो की सुटे, चालू ठेवू नये. रात्री पंखा पुरेल एवढीच सोय बॅटरीवर असावी. थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी आत नेणेही तितकेच घातक आहे.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र निजण्याच्या उंचीवर आणि गॅसगळतीचे यंत्र जमिनीलगत बसवावे. किल्ली हाती देताना दोन्ही यंत्रांचे बटण दाबून आवाज ऐकवावा, आणि जनित्र ठेवावयाची जागा शेतात चुन्याने आखून द्यावी.